स्वस्तातला घडीचा हेडफोन: आवाज पोकळ, बेस नाही, केबल लावली की गायक गायब. परत करावा की दुरुस्त होईल?

अर्धा_कान:

घडी होणारा ब्लूटूथ हेडफोन आहे, कानावर बसणारा (पूर्ण कान झाकणारा नाही). ४० मिमी ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर), ३२ ओहम, कोडेक (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची पद्धत) फक्त एसबीसी आणि एएसी. ३.५ मिमीची केबलही लागते. खोक्यावर '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' आणि 'डीप बेस' असं ठळक छापलंय. तक्रारी अशा:

१) आवाज पोकळ आहे. तबल्याच्या डग्ग्याला वजन नाही. गायकाचा आवाज मधोमध न येता दोन्ही कानांच्या बाहेर पसरल्यासारखा वाटतो.
२) केबलवर ऐकलं तर गायक जवळजवळ ऐकूच येत नाही. मागची वाद्यं आणि घुमारा तेवढा उरतो.
३) लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की सगळा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो.
४) दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाही.
५) तासाभरात कानाच्या पाळ्या दुखतात. चष्मा आहे.

रीसेट केलं, फर्मवेअर अद्ययावत आहे. इक्वलायझरमध्ये ६० हर्ट्झला ६ डेसिबल वाढवून पाहिले, तर बेस आला नाही, आवाज मात्र फाटायला लागला. परत करायची मुदत अजून शिल्लक आहे. यातलं काय स्वस्तपणामुळे आहे आणि काय बिघाडामुळे?

ओहमचा_नियम:

१ आणि २ ऐकायला सारखे वाटतात, पण ती बहुधा दोन वेगळी दुखणी आहेत. ओळखायला काहीही उघडावं लागत नाही.

फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असतं, ते चालू करा. आता दोन्ही कानांना तंतोतंत एकच सिग्नल जातोय. कोणाचं तरी नुसतं बोलणं लावा, गाणं नको. ब्लूटूथवर एकदा, केबलवर एकदा ऐका.

आवाज डोक्याच्या बरोब्बर मध्ये आला तर दोन्ही ड्रायव्हर ठीक.

आवाज मोठा आहे, पण मध्ये येत नाही, कानांबाहेर लोंबकळतो, आणि एक कप कानावरून काढला की उरलेल्या कानात अगदी नीट ऐकू येतं: एका ड्रायव्हरच्या तारा उलट जोडल्या गेल्यात. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. कारखान्यात या तारा हाताने सोल्डर होतात, त्यामुळे स्वस्त मालात हे घडतं. स्पीकरमध्ये अशाने बेस हवेतच कटतो. हेडफोनमध्ये प्रत्येक कान वेगळा असल्यामुळे तसा कटत नाही, पण मेंदूला तो एका जागी बसवता येत नाही आणि पोकळ वाटतो. तुमची तक्रार १ वाचून माझा पहिला संशय हाच.

मोनो करताच आवाज जवळपास बंदच झाला: ग्राउंड (दोन्ही ड्रायव्हरची सामाईक परतीची तार) तुटलंय किंवा टेकत नाहीये. हे केबलवरच होतं. ग्राउंड नसलं की दोन्ही ड्रायव्हर एकामागोमाग एक अशा साखळीत येतात आणि त्यांच्यातून फक्त डाव्या-उजव्यातला फरक वाहतो. गायक दोन्ही बाजूंना सारखा मिसळलेला असतो, म्हणून तोच नेमका वजा होतो. तुमची तक्रार २ शब्दशः हीच आहे.

ग्राउंड न टेकण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे पिन पूर्ण आत न जाणं. घडीच्या हेडफोनमध्ये सॉकेट कपाच्या आत खोलगट खाचेत असतं आणि जाड प्लास्टिकची पिन त्या खाचेच्या काठालाच अडते. पिन बसताना 'टक्' असं जाणवायला हवं. तीन पट्ट्यांच्या पिनेवर टोक म्हणजे डावा, मधली कडी उजवा, बुंध्याकडचा भाग ग्राउंड. अडलेल्या पिनेचा बुंधाच बाहेर राहतो.

माइकवाली चार पट्ट्यांची केबल असेल तर आणखी एक शक्यता. चार पट्ट्यांच्या दोन पद्धती आहेत, सीटीआयए आणि ओएमटीपी, आणि त्यांत माइक व ग्राउंड यांच्या जागा एकमेकींशी बदललेल्या असतात. आताची बहुतेक यंत्रं सीटीआयए. चुकीची जोडी जमली की गायक असाच जातो. केबलवरचं माइकचं बटण दाबून धरल्यावर गायक परत आला, तर खात्री झाली.

मऊ_गादी:

वरच्याशी सहमत, पण बेसचा दुसरा संशयित विसरू नका: गादी.

कानावर बसणाऱ्या हेडफोनचा बेस गादी आणि कान यांच्यातल्या बंदिस्त हवेवर अवलंबून असतो. जरा फट राहिली की साधारण २०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळून जातं. चष्म्याची काडी नेमकी हीच फट पाडते. तपासायची रीत: बेस असलेलं काही लावून दोन्ही कप तळव्यांनी हलकेच दाबा. दाबल्यावर बेस धावत आला तर ड्रायव्हरचा दोष नाही, फट आहे. मग चष्मा काढून ऐका. तोच फरक पडला तर जबाबदार कोण ते कळलं.

तुमच्या ६० हर्ट्झ वाढवण्याने काही साधलं नाही त्याचं कारण हेच असू शकतं. फट असताना इक्वलायझरने बेस वाढवणं म्हणजे फुटक्या बादलीत नळ मोठा करणं. पडदा जास्त हलतो, विकृती वाढते, कानापर्यंत मात्र काही पोचत नाही.

फाटण्याचं कारण आणखी वेगळं. ६ डेसिबल वाढवले आणि प्री-अँप (इक्वलायझरमधली एकूण पातळी) तसाच ठेवला तर सिग्नल डिजिटलमध्येच कमाल मर्यादेला आपटतो. नियम सोपा: सगळ्यात जास्त जितकं वाढवाल, तितकाच प्री-अँप उणे करा. +६ तर प्री-अँप −६. एकूण आवाज कमी वाटेल, तो फोनच्या बटणाने वाढवा.

गादी बदलायची असेल तर बाहेरचा व्यास मिमीमध्ये मोजा, अंदाजाने मागवू नका. गोल आहे की लंबगोल तेही पाहा. रेक्झिनची गादी घ्या. मखमली गादी कानाला बरी वाटते, पण तिच्यातून हवा जाते आणि बेस आणखी उतरतो. आतल्या स्पंजाची जाडी मूळच्यापेक्षा फार वाढवली तर ड्रायव्हर कानापासून लांब जातो आणि वरचे सूर बदलतात. मूळ गादी बहुतेक वेळा नुसत्या कडेने खाचेत अडकवलेली असते, बोटाने एका बाजूने ओढत नेली की सुटते. चिकटवलेली असेल तर ओढू नका, गोंद थोडा गरम करून सैल करा.

कान दुखण्याबद्दल: डोक्यावरच्या पट्टीत स्टीलची पट्टी असेल तर ती सैल करता येते. पुस्तकांची चळत तुमच्या डोक्याच्या रुंदीहून दोन-तीन सेंटिमीटर जास्त करा, हेडफोन तिच्यावर रात्रभर ताणून ठेवा, सकाळी घालून पाहा. कमी वाटलं तर आणखी एक रात्र. एकदम जास्त ताणू नका, कारण सैल झालेली पट्टी परत सहज घट्ट होत नाही आणि दाब गेला की फट पडून बेसही जातो. पट्टी नुसत्या प्लास्टिकची असेल तर हा उद्योग करूच नका, घडीच्या बिजागरीपाशी तडा जातो. आणि परत करायचा विचार असेल तर ताणाताणी आधी नको.

पॅकेट_हरवलं:

३ आणि ४ माझ्याकडे.

मीटिंगमधला टेलिफोन हा बिघाड नाही. साध्या ब्लूटूथवर संगीत जातं ते ए२डीपी या एकतर्फी मार्गाने, स्टिरिओमध्ये. हेडफोनचा माइक जागा झाला की जोडणी एचएफपी या दुतर्फी मार्गावर जाते, मोनो होते आणि दर्जा कोसळतो. त्यात सीव्हीएसडी हा कोडेक असेल तर नमुना दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतात तो) फक्त ८ किलोहर्ट्झ, एमएसबीसी असेल तर १६. म्हणजे ऐकू येणाऱ्या आवाजाची वरची हद्द अनुक्रमे ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या आत. महागड्या हेडफोनलाही या मार्गावर बहुतेक वेळा हाच नियम. खोक्यावर ब्लूटूथ ५.३ लिहिलं म्हणून यात काही सुधारत नाही. दोन्हीकडे एलई ऑडिओ (ब्लूटूथवर आवाज पाठवायची नवी पद्धत) असेल तर चित्र बदलतं.

उपाय: मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन निवडा, पण मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा. माइक जागाच झाला नाही तर जोडणी ए२डीपीवरच राहते. विंडोज १० मध्ये हे कायमचं करायचं तर डिव्हाइसेस अँड प्रिंटर्समध्ये हेडफोनच्या प्रॉपर्टीजमधला सर्व्हिसेस टॅब उघडून 'हँड्सफ्री टेलिफोनी'ची खूण काढा. मग हेडफोनचा माइक त्या लॅपटॉपवर चालणार नाही, त्याची गरजही नाही. कपावर तोंडापासून लांब बसवलेल्या त्या बारक्या माइकपेक्षा लॅपटॉपचा माइक बहुतेक वेळा बरा असतो.

मीटिंग संपल्यावरही आवाज तसाच राहिला तर कोणतं तरी अ‍ॅप अजून माइक धरून बसलंय. बऱ्याचदा तो ब्राउझरचा उघडा राहिलेला टॅब असतो.

चार्जिंग: टाइप-सी सॉकेट असलेल्या यंत्राने सीसी या (पलीकडे काय जोडलंय ते ओळखणाऱ्या) दोन पिनांवर ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडला जोडायचा असतो. तो दिसल्याशिवाय सी-टू-सी केबलच्या पलीकडचा चार्जर ५ व्होल्ट सोडतच नाही. स्वस्त मालात हे दोन रेझिस्टर गाळलेले असतात. एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी-ए पिन असलेली केबल वापरा. तिथे ५ व्होल्ट कायम असतात आणि चार्ज होतं. चार्जर किती वॅटचा आहे याचा इथे संबंध नाही. सी-टू-सीच हवी असा हट्ट असेल तर हेडफोन परत करणं एवढाच मार्ग.

जाता जाता: अँड्रॉइडवर आवाज एकूणच कमी वाटत असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' आहे. ते चालू केल्यावर फोनचा आणि हेडफोनचा आवाज वेगवेगळा चालतो. आधी दोन्ही कमी करा आणि मग हळूहळू वाढवा, एकदम कानात आदळेल. तिथेच कोडेक बदलूनही पाहा. एएसीचं एन्कोडिंग फोनागणिक बरं-वाईट असतं, आणि एसबीसी ३२८ केबीपीएसपर्यंत जातो, तो ऐकायला वाईट नसतो. या किमतीच्या हेडफोनमध्ये कोडेक हा शेवटचा संशयित.

नाद_खुळा:

एवढा खटाटोप कशाला? ५० तास मोठ्या आवाजात गाणी लावून ठेवा. ड्रायव्हर मोकळा होतो आणि बेस येतो.

ओहमचा_नियम:

-१ (असहमत). वापराने गादी मऊ होऊन कानाला जास्त बिलगते आणि कान त्या आवाजाला सरावतात, त्याला लोक 'ड्रायव्हर मोकळा झाला' म्हणतात. उलट जोडलेली तार ५० तासांनी सुलट होत नाही. तेवढ्या वेळात परतीची मुदत मात्र संपते.

अर्धा_कान:

सगळ्या चाचण्या केल्या. निकाल:

मोनो, ब्लूटूथवर: आवाज मोठा, पण मध्ये येत नाही. एकेक कान वेगळा ऐकला तर दोन्ही उत्तम आणि सारखे.
मोनो, केबलवर: जवळजवळ शांतता. मी वापरत होतो ती केबल हेडफोनसोबतची नव्हती, तिची पिन जाड आहे. खोक्यातली केबल लावली तर ती पूर्ण बसली आणि गायक परत आला. मात्र ब्लूटूथसारखाच पसरलेला.
कप दाबल्यावर बेस थोडा वाढतो. चष्मा काढल्यावरही थोडा.
लॅपटॉपचा माइक निवडल्यावर मीटिंगचा आवाज सुधारला. यूएसबी-ए केबलने चार्ज होतंय.

म्हणजे तार उलटीच ना? उघडून बदलू का?

ओहमचा_नियम:

होय, उलटी आहे (यालाच उलट पोलॅरिटी म्हणतात). ब्लूटूथ आणि केबल दोन्हीवर सारखं होतंय, म्हणजे दोष सर्किटनंतर, ड्रायव्हरच्या जोडणीतच. नुसतं ब्लूटूथवर झालं असतं तर अँप्लिफायरकडे बोट दाखवलं असतं.

मुदत शिल्लक असताना उघडू नका. हा सरळ उत्पादनातला दोष आहे. 'बेस कमी आहे' असं लिहिलंत तर आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून उडवून लावतील. 'डावा-उजवा ड्रायव्हर उलट पोलॅरिटीत, मोनो ऑडिओवर आवाज मध्यभागी येत नाही' असं लिहा. बदली नग आला की पहिल्या मिनिटाला मोनो चाचणी करा. एकाच खेपेत सगळे नग तसेच निघू शकतात.

मुदत गेलेल्या वाचकांसाठी, करायचं असेल तर असं:

कोणत्याही एकाच कपाच्या तारा बदलायच्या. दोन्हीच्या बदलल्या तर पुन्हा तीच अवस्था. ज्या कपात बॅटरी आणि बोर्ड नाही तो निवडा, गर्दी कमी असते. गादी काढा. खाली तीन-चार बारीक स्क्रू दिसतील, एखादा कापडी जाळीच्या खाली लपलेला असतो. ड्रायव्हरची थाळी हळू उचला. तारा आखूड असतात, झटका दिला तर दुसऱ्या टोकाला तुटतात. सोल्डर करण्याआधी हेडफोन बंद हवा आणि बॅटरी सुटी केलेली हवी. त्यासाठी दुसरा कप उघडावा लागला तरी उघडा. बॅटरीच्या तारा कापाव्या लागल्या तर एकेक कापा आणि लगेच टेप लावा. कात्रीने दोन्ही एकदम कापल्या तर शॉर्ट होतो.

ड्रायव्हरच्या पाठीमागे दोन सोल्डरचे ठिपके असतात. कोणती तार कुठे होती त्याचा फोटो काढा, मग दोन्हींची अदलाबदल करा. त्याच ठिपक्यांवरून केसासारखी बारीक तार कॉइलकडे जाते, तिला धक्का लागला तर ड्रायव्हर गेला. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आसपास, टेकवण्याचा वेळ दोन सेकंद. न जमल्यास उचला, थंड होऊ द्या, पुन्हा टेकवा. टेकवून धरलं तर ठिपक्याखालचं प्लास्टिक वितळतं. ड्रायव्हरमध्ये जबर चुंबक असतो, तो लोखंडी स्क्रू आणि चिमटा खेचून घेतो, आणि पडद्यावर पडलेला स्क्रू पडदा फाडतो. पडद्याची बाजू पुठ्ठ्याने झाकून, उपडी ठेवून काम करा.

बंद करण्याआधी बॅटरी जोडून मोनो चाचणी घ्या. तारांवर रंगीत मुलामा असेल (लाल, हिरवा, निळा किंवा तांब्याचा रंग) तर तो जळाल्याशिवाय सोल्डर धरत नाही. आयर्नच्या टोकावर ताज्या सोल्डरचा थेंब घेऊन तारेचं टोक त्यात बुडवा, मुलामा जळून टोक चकाकतं, मगच जोडा.

जाड पिनेच्या केबलचं तुम्हाला कळलंच. ब्लेडने प्लास्टिकचा खांदा थोडा तासला तरी ती बसेल, पण आतली तार उघडी पडेल इतका तासू नका.

मऊ_गादी:

आणि बदली नग नीट निघाला, मोनो मध्यभागी आला, तरी या वर्गाचा मूळ स्वभाव उरेलच: १०० ते २५० हर्ट्झमध्ये फुगवटा. दुकानात क्षणभर ऐकलं की त्याला दमदार बेस म्हणतात. तासभर ऐकलं की बोलणं दबलेलं वाटतं. इथे वाढवण्याऐवजी कापा: २०० हर्ट्झ, −४ डेसिबल, क्यू (फिल्टर किती अरुंद तो आकडा) १. एवढ्या एका फिल्टरने गायक पुढे येतो. 'स' आणि 'श' टोचत असतील तर ६ ते ८ किलोहर्ट्झमध्ये ज्या ठिकाणी टोचतं ते शोधून तिथे −३, क्यू २. शोधायला कमी आवाजात साइन स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा एकच सूर) लावा आणि जिथे आवाज अचानक उसळतो तो आकडा लिहून ठेवा. स्वीप चालू असताना ६० ते १५० हर्ट्झमध्ये एका कानात भुणभुण आली तर ती पडद्यावर पडलेल्या केसाची किंवा सैल स्क्रूची. केस चिकटपट्टीच्या टोकाने जाळीवरून उचला. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, पडदा ओढला जातो.

अँड्रॉइडवर वेव्हलेट, विंडोजवर इक्वलायझर एपीओ ही साधनं पुरेशी. आयफोनच्या सेटिंगमधला म्युझिकचा ईक्यू फक्त त्यांच्या म्युझिक अ‍ॅपलाच लागतो, बाकी अ‍ॅपना नाही. फिल्टर लावलेला आणि न लावलेला आवाज यांची तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी ठेवा. जरा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो, आणि लोक त्याच फरकाला 'सुधारणा' समजतात.

हेडफोनमध्ये स्वतःचा बेस मोड असेल तर तो बंद करून हे सगळं करा. तो मोड आणि कंपनीने बसवलेला ईक्यू सहसा आतल्या चिपमध्ये असतो, केबलवर ऐकताना बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये तो बायपास होतो. त्यामुळे केबलवरचा आवाज वेगळा लागला तर दचकू नका. ब्लूटूथसाठी एक प्रीसेट आणि केबलसाठी दुसरा, असे दोन साठवा.

अर्धा_कान:

परतीचा अर्ज केला, तुमचं वाक्य जसंच्या तसं टाकून. एक शंका राहिली: खोक्यावरचं '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' खोटं म्हणून तक्रारीत घालू का?

ओहमचा_नियम:

नको, त्यावर काही पकडता येत नाही. किती डेसिबलच्या फरकात ते लिहिलेलं नाही ना? २० हर्ट्झ ३० डेसिबल खाली वाजले तरी 'वाजतात' म्हणता येतं. पोलॅरिटीवरच ठाम राहा.